माईंच्या कानातला आवाज

वत्सलाबाई मेश्रामांच्या श्रवणयंत्रावर मोहरीएवढा निळा ठिपका उजळला, दोन-तीन शब्दांपुरता, आणि विझला. न्यायमूर्ती शर्वरी ताकवले यांनी पेन खाली ठेवलं. वकील बोलताना तो लागला नव्हता. शेजारी बसलेली पुतणी प्रज्ञा आत्ताच म्हणाली होती, "पाणी घे थोडं."

अपील हेमंत ढोकचं होतं. अशी यंत्रं तो बसवायचा. त्यांतल्या 'स्वरावरण' या सोयीने एकाचं बोलणं दुसऱ्याच्या आवाजात ऐकू येई. दृष्टी गेलेल्या वत्सलाबाईंना, म्हणजे माईंना, बातम्या तरी दिवंगत नवऱ्याच्या आवाजात ऐकता याव्यात, म्हणून हेमंतने जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांचा आवाज यंत्रात भरला होता. पुढे माईंचं घर परस्पर विकलं गेलं. "ह्यांनीच अंगठा द्यायला सांगितलं," अशी माईंची साक्ष. तक्रार प्रज्ञाची. विश्वासघाताने फसवणूक, म्हणून हेमंतला सात वर्षं.

आवाज कोणाकोणाच्या बोलण्यावर चढवलाय, हे यंत्राची स्मृती उघडल्याशिवाय कळत नव्हतं. उघडली की आवाज पुसला जाणार. खालच्या न्यायालयात माईंनी हात जोडले होते, आणि न्यायाधीशांनी दया येऊन ती उघडायला लावली नव्हती.

"हेमंत, तो निळा ठिपका कसला?"

"स्वरावरण चालू असल्याची खूण, मॅडम."

हेमंत बोलत असताना ठिपका विझलेलाच होता.

"बॅटरीचा दिवा आहे तो," प्रज्ञा घाईने म्हणाली.

ठिपका उजळला. शेवटच्या शब्दापर्यंत तसाच राहिला.

"वत्सलाबाई," न्यायमूर्तींनी सावकाश विचारलं, "मघाशी 'पाणी घे' असं कोण म्हणालं?"

"हे." माई किंचित हसल्या. "अजून काळजी करतात."

"आणि प्रज्ञा?"

"तिचा आवाज कुठे येतो हल्ली? गप्पच असते पोरगी."

"पाणी प्रज्ञानेच दिलं, वत्सलाबाई. बोललीही तीच."

माईंचं हसू ओठांवरच राहिलं. प्रज्ञाच्या मुठीतला आपला हात त्यांनी हळूच सोडवून घेतला. मग त्या आरोपीच्या पिंजऱ्याच्या दिशेने वळल्या.

"हेमंत, पोरा, उघडल्यावर काहीच उरणार नाही का रे?"

हेमंतची सुटका त्या इवल्याशा यंत्रात होती. "नाही, माई. काकांचा आवाज तेवढाच आहे. दुसरीकडे कुठेच नाही."

प्रज्ञा काहीतरी बोलायला लागली, ठिपका उजळला, तशी माईंनी यंत्र कानातून काढून तळहातावर समोर धरलं.

"उघड ते."