पसंतीचा टेप

सबंध लग्नात भाग्यश्रीच्या पसंतीवर सोडलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाडीतला टेप. स्थळ आप्पांनी ठरवलं, तारीख गुरुजींनी, साड्या मावशीनं आणि गाडी सूरजदादानं. ही गाडी दसऱ्यानंतरच्या साखरपुड्यात, ताटात नारळाशेजारी किल्ली ठेवून, होणाऱ्या जावयाला म्हणजे जयसिंगला द्यायची होती. हिंजवडीच्या कंपन्यांना जमिनी गेलेल्या मारुंजीच्या घरांत आता तशी पद्धतच पडली होती. जयसिंगनं फोनवर सांगून ठेवलं होतं : टेप मोठ्या टचस्क्रीनचा पाहिजे, रस्ता दाखवणारा, मोबाइलवरची गाणी वाजवणारा.

"ते भाग्याला घिऊ द्या," आप्पा म्हणाले, "कंप्युटरमधी कामाला हाय ती." आणि आपण पोरीचं मन राखलं, या समाधानात ते जेवायला बसले.

म्हणून श्रावणातल्या त्या रविवारी ती स्वारगेटजवळ सुहासिनीबाईंच्या कार-टेपच्या दुकानात उभी होती. सूरजनं गाडी शेडखाली लावली, किल्ली काउंटरवर टाकली, "दोन तासांत येतो, प्लॉटचं गिऱ्हाईक हाय" असं सांगून तो पसार झाला. बाहेर ऊन आणि पाऊस एकाच वेळी पडत होते. भाग्यश्रीनं शोकेसमधल्या एका सेटवर बोट टेकवलं, आणि नेमकं त्याच क्षणी डावीकडून दुसरं एक बोट त्याच स्क्रीनवर येऊन टेकलं. कोणाचं ऐकावं हे त्या बिचाऱ्या स्क्रीनला कळेना.

"मी आधी आले," ती म्हणाली.

"मी तर सकाळपासून उभा आहो, मॅडम," बोटाचा मालक म्हणाला. उंच, चष्मेवाला, केसांवर पावसाचे थेंब. "ह्या बाई विचारूनच नाही राहिल्या मला."

सुहासिनीबाईंनी मान वर केली नाही. "तुम्ही सकाळपासून नुसते बघताय. बघायचे पैसे घेत नाही, म्हणून उभं राहू दिलंय."

भाग्यश्रीला हसू आवरलं नाही. तोही हसला... आणि हसताना त्याचे डोळे चष्म्यामागे पार बारीक झाले, हे तिनं उगाचच पाहून घेतलं.

त्याचं नाव अभिनव. यवतमाळचा, दोन वर्षं हिंजवडीतल्याच एका कंपनीत, आणि जवळ एक जुनी छोटी गाडी. पुण्यात तो रोज रस्ता चुकत होता. "पत्ता विचारायची हिंमत होत नाही," तो म्हणाला. "परवा एका काकांना विचारलं, मंडई जवळ आहे का? तर म्हणे, आहे ना, पण तुम्ही ज्या बाजूला निघालात तिकडून पृथ्वीला फेरी मारावी लागेल!"

"असला एकच पीस आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ताईंच्या गाडीत लावून देते. शेडखाली त्याला सॅटेलाइट सापडत नाही. दोघं बाहेर फिरवून आणा आणि कोणाला हवा ते ठरवा. मला भांडणं ऐकायला वेळ नाही."

"मी? ह्यांच्याबरोबर?" भाग्यश्री म्हणाली.

"यांची गाडी माझ्या दारात आहे. पळून जातील कशात?"

सेट बसला. भाग्यश्रीनं काउंटरवरची किल्ली उचलली. लायसन्स तीन वर्षांपूर्वीचं होतं, पण घरात तिला किल्ली कोणी देत नसे. ही गाडी तर जावयाची, तिला ओरखडासुद्धा जायला नको होता. जाऊ दे गेला तर, असं मनात म्हणून तिनं गाडी सुरू केली.

अभिनवनं ठिकाण टाकलं, कसबा गणपती. दोन वर्षांत दर्शन झालं नव्हतं म्हणे. सेटमधली बाई गोड आवाजात उजवीकडे-डावीकडे करत राहिली आणि तांबट आळीच्या मागे एका बोळात शिरवून गप्प झाली. पुढे भिंत होती. दोन्ही बाजूंना घरांच्या पायऱ्या, मागे लावलेल्या दुचाक्या, आणि सगळीकडून हातोड्यांचा ठण्‌ठणाट.

पायरीवरचे एक आजोबा पेपर खाली घेऊन म्हणाले, "ही भिंत माझ्या आजोबांच्या वेळची आहे. तुमच्या टीव्हीला अजून कळवलं नाही वाटतं कुणी?"

बघता बघता चार माणसं जमली. "ताई, तुम्ही उतरा. साहेबांना घेऊ द्या मागे." प्रत्येकाचा तोच सल्ला. भाग्यश्रीचे कान तापले. सवयीनं तिचा हात दाराकडे गेलासुद्धा.

"साहेबांना रिव्हर्स येत नाही," अभिनव मोठ्यानं म्हणाला आणि तोच खाली उतरला. "त्याच घेतील. तुम्ही जरा ह्या गाड्या उचलू लागा."

भर पावसात त्यानं एकेक दुचाकी बाजूला केली. मग मागे उभा राहून तो हातानं खुणावत राहिला, या, या, अजून या. गाडी इंचाइंचानं बोळाबाहेर आली. कुठेही ओरखडा नव्हता. तो भिजून आत बसला, तेव्हा भाग्यश्रीचा चेहरा उजळला होता.

"खरंच येत नाही तुम्हाला?"

"येते की. पण तुमचा हात दाराकडे गेलेला मला आवडला नाही."

ती वायपर उगाचच जोरात फिरवत राहिली.

तो सेट नापास झाला. नकाशा जुना होता ना! दुसऱ्या रविवारी दुसरा सेट लावला, तो उन्हात दिसेना. तिसऱ्या रविवारी तिसऱ्याचा आवाज घोगरा निघाला, निदान भाग्यश्रीला तरी तो घोगरा वाटला. सूरजला प्लॉटची गिऱ्हाइकं भेटत राहिली. अभिनवला सेट घ्यायचाच होता, पण घाई नव्हती. सुहासिनीबाई सेट काढत होत्या, लावत होत्या, आणि एकदा म्हणाल्या, "नवरा पसंत करायलाही लोक एवढा वेळ घेत नाहीत हो."

दुसऱ्याच रविवारी त्यानं विचारलं होतं, "कोणासाठी एवढी पारख?"

"होणाऱ्या नवऱ्यासाठी," भाग्यश्रीनं सांगितलं होतं. लपवण्यासारखं काय होतं त्यात?

"अच्छा..." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मग चांगलाच निवडा."

त्यानंतर तो येणार नाही, असं तिला वाटलं. सबंध आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या रविवारी तो शेडखाली उभा दिसला, आणि आपल्याला काय झालंय ते भाग्यश्रीला लख्ख कळलं.

त्याच्या मोबाइलमध्ये आईच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. जुन्या फोनवर केलेलं, खंजिरीचा नुसता कल्लोळ, मध्येच कुणाचं तरी खोकणं. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि कुठलाही सेट ते वाजवेना. भाग्यश्रीनं फाइल मागून घेतली, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून ती सेटला चालेल अशी बदलली, आवाज साफ केला, खोकणं मात्र तसंच ठेवलं. चौथ्या रविवारी तिनं पेनड्राइव्ह लावला. सारसबागेशेजारी उभ्या केलेल्या गाडीत त्याची आई गायला लागली.

अभिनवनं चष्मा काढला. "खोकते ना मधात, ती आईच आहे," तो म्हणाला. मग त्यानं चष्मा पुसून परत लावला. "भाग्यश्री... मी पुढच्या रविवारी येणार नाही. हा सेट चांगला आहे, कुठंच खोट नाही ह्याच्यात. आता खोटं खोटं कितीदा नापास करू?"

"एवढंच सांगायचंय?"

"सांगायचं तर लय आहे. पण तुमची तारीख ठरली आहे."

"तारीख गुरुजींनी ठरवली आहे. मी नाही." ती म्हणाली आणि गाडी दुकानाकडे वळवली.

शेडखाली सूरज उभा होता, आणि त्याच्या शेजारी जयसिंग. गोरा, ऐटबाज, हातात सोन्याचं कडं. महिना झाला तरी टेप ठरेना, म्हणून तो स्वतः आला होता. भाग्यश्रीला चालकाच्या जागी बघून त्यानं भुवया वर केल्या. काच खाली आली. त्यानं गाडीतल्या टेपवर एक नजर टाकली.

"ह्याला लायटिंग नाय. मी आत दुकानात रंग बदलणारा सांगितलाय, तो बसवू." मग अभिनवकडे मान हलवली. "ह्यो कोण?"

"गिऱ्हाईक," अभिनव म्हणाला.

"हां. उतरा मग. भाग्यश्री, तू मागं बस, सूरज फुडं बसंल. मी चालवतो. आन् लग्नानंतर ही हौस नको बरं का, आमच्यात बायका गाडी चालवत नाहीत."

महिन्यापूर्वी ती उतरली असती. मान खाली घालून, मागचं दार उघडून, ओढणी सावरत. आज तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"नाही उतरत."

"भागे!" सूरज ओरडला. "गाडी त्यांची हाय!"

"ताटात पडेपर्यंत नाही. आणि ताटात काय काय पडणार, ते मला कोणी विचारलेलं नाही. जयसिंगराव, तुम्हाला रंग बदलणारा टेप मिळेल, पुण्यात दुकानं खूप आहेत. बायको मात्र दुसरीकडे बघा."

सुहासिनीबाई पहिल्यांदाच काउंटरमागून उठल्या. "भांडण शेडबाहेर घ्या," त्या म्हणाल्या. "सॅटेलाइटलाही दिसू द्या."

गाडी निघाली. अभिनव अजून शेजारीच बसलेला होता, अगदी गोंधळून. "आपण... कुठं चाललो?"

"आमच्या घरी. आप्पांना सांगायला."

"काय सांगायला?"

"की मला तुम्ही आवडता."

तो बघतच राहिला. "मला आधी सांगाल की नाही!"

"आत्ता सांगितलं ना." सिग्नल लाल होता. तिनं मान वळवून सरळ त्याच्याकडे बघितलं. "घाबरत असाल तर पुढच्या चौकात सोडते. पण उत्तर देऊन उतरा."

"घाबरून तर राहिलोच आहो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा तसेच बारीक झाले. "पण उतरत नाही. पहिल्या दिवशीपासून आवडता तुम्ही मला, भाग्यश्री. तुमचा हात दाराकडून परत आला ना, तवापासून."

मारुंजीत ती मागच्या वाटेनं शिरली नाही. देवळासमोरून, पारावरच्या सगळ्यांच्या देखत, काचा खाली करून घरापर्यंत आली. सूरजचा फोन आधीच पोचला होता. आप्पा, म्हणजे गावाचे रावसाहेब, अंगणात उभे होते आणि दारात तिची आई मुक्ताई.

"कोन हाय त्यो?" आप्पांचा आवाज चढला. "कुठला? आपल्यातला तरी हाय का?"

"यवतमाळचा आहे. आपल्यातला नाही. माझ्या पसंतीचा आहे."

"आन् जयसिंग? त्याचा फोन आला व्हता. पोरगी आवरा म्हनला मला. मला! रावसाहेबाला!" राग नेमका कोणाचा आलाय ते आप्पांचं आप्पांनाच उमगत नव्हतं.

अभिनव उतरून हात जोडून उभा राहिला. "काका, मला गाडी नको. काहीच नको. भाग्यश्रींना विचारून जे ठरेल, ते मला मान्य आहे."

तेवढ्यात मुक्ताईनं पायांत चपला सरकवल्या, पदर खोचला आणि गाडीचं पुढचं दार उघडून ती लेकीशेजारी जाऊन बसली.

"मुक्ता, उतर खाली."

"नाय उतरत." तिनं समोर बघत सांगितलं. "पस्तीस वर्सं तुमी न्याल तिकडं गेले. आज लेक नेती तिकडं जाती. चल गं, देवळापर्यंत ने मला. सगळ्यांना बघू दे."

अभिनव मुकाट्यानं मागे बसला. भाग्यश्रीनं डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. आप्पा अंगणात एकटेच उरले. त्यांनी एकदा घराकडे बघितलं, एकदा पाराकडे, आणि मग बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"आन् मी?"

"मागं बसा," मुक्ताई म्हणाली. "जावई हाय तिथं."

आप्पांनी मागचं दार उघडलं, आणि अभिनव घाईघाईनं सरकून खिडकीशी गेला.