मधली जागा

फोटो कापायचा म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. अहो, माणूस नाही कापत मी, कडेचं अर्धं झाड कापतेय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं. सहलीला गेलेली माणसं फोटोत मुठीएवढी असतात आणि बाकी सगळं आभाळ, पार्किंग, कुणा परक्याची पाठ, नाहीतर कचऱ्याचा डबा. हे पानावर कशाला आणायचं? मी स्टीलची पट्टी ठेवते, कटर एकदाच फिरवते, आणि उरतं ते तुमचं कुटुंब. रिकामी जागा मला पानावर खपत नाही.

हा उद्योग मी घरूनच करते. लोक खोकी भरभरून फोटो आणून देतात आणि मी त्यांची स्क्रॅपबुकं करते. सुट्ट्यांची पानं, मुलांच्या शाळेच्या वर्षांची पानं, मध्ये रंगीत कागद, बसची तिकिटं, पहिला पडलेला दात ठेवायला छोटा खिसासुद्धा. जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची अर्धी बाजू माझी, उरलेल्या अर्ध्यावर घर जेवतं. नवरा म्हणतो, एक दिवस तू चुकून माझाच कान कापून चिकटवशील. कातरणं मी टाकत नाही, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवते. आभाळाचा किंवा समुद्राचा तुकडा कुठेही कामाला येतो.

आम्हाला मुलं दोन. मुलगी मोठी. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो, कारण कुणी काही चुकीचं बोललं की ते दुरुस्त केल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. धाकटा गुंड्या. गुंडगिरीशी त्याचा काही संबंध नाही. तान्हा असताना सदानकदा दुपट्यात गुंडाळलेला असायचा, म्हणून गुंड्या. तोंड मात्र अखंड चालू. व्हॅनमधून उतरला की चपला काढायच्या आधी शाळेतली सगळी बातमी सांगून मोकळा. जरा श्वास घे रे बाबा, असं मी त्याला दिवसातून कितीदा तरी म्हणायचे.

दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या त्या कुणाकडून तरी माझं नाव ऐकून. बुटांच्या खोक्यात फोटो होते. बाई नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या, पण बसल्या त्या खुर्चीच्या अगदी कडेला. पानं कुठल्या रंगाची, कव्हर कसलं, यातलं काहीच विचारलं नाही.

"तुम्ही फोटो कापता ना?" एवढंच विचारलं.

मला वाटलं, झालं, आता वाद. मी म्हटलं, "कापते. पटत नसेल तर आत्ताच सांगा."

"नाही नाही, कापा," त्या म्हणाल्या. मग माझ्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

दोन, म्हटलं. त्यांनी मान हलवली. निघताना दारात थांबून म्हणाल्या, कातरणं परत नकोत, तुमच्याकडेच राहू देत. मला काय, डबा होताच.

फोटो पसरले आणि माझं डोकं फिरलं. त्यांनाही दोन मुलं, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. अगदी लहानपणी दोघं एकमेकांना बिलगून उभी. मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षापासून मात्र प्रत्येक फोटोत दोघांच्या मध्ये जागा सोडलेली. समुद्रावर तेच, टेकडीवर तेच, दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी हिरव्या फाटकासमोर काढलेल्या फोटोतही तेच. एक माणूस मावेल एवढी जागा. मागचं फाटक, मागचं पाणी त्यातून स्वच्छ दिसत होतं. मुलगी उभी असायची ती एक हात अंगापासून लांब धरून, तळवा खाली, जणू कशावर तरी टेकवलाय. पहिल्या वर्षी तो हात तिच्या कमरेशी होता. पुढे छातीशी. शेवटच्या फोटोत खांद्याच्या वर.

बागेतला एक फोटो होता, सी-सॉवरचा. मुलगी वरच्या टोकाला हवेत, हसतेय. खालचं टोक जमिनीला टेकलेलं. त्यावर कुणी नाही. भाऊ बाजूला, फोटोच्या कडेला, नुसता बघत उभा.

आणि तो भाऊ वर्षागणिक कडेला सरकत गेला होता. आधी एक खांदा चौकटीबाहेर, मग कान, आणि यंदाच्या फोटोत तर अर्धाच चेहरा आणि एक बूट. काढणाऱ्याला फोटो काढायची अक्कल नाही, असं म्हणून मी पट्टी उचलली.

मधली जागा मी सगळ्या फोटोंतून उभी कापून काढली आणि बहीण-भावाला जवळ आणून चिकटवलं. सांधा दिसूच नये इतकं सफाईदार काम. गंमत म्हणजे बहिणीचा तो अधांतरी हात दर वेळी बरोबर भावाच्या पाठीवर नाहीतर खांद्यावर पडला. मी माझ्यावरच खूश झाले. पट्ट्या डब्यात टाकल्या. त्या सपाट राहीनात, सगळ्या एकाच बाजूला वळत होत्या. कागद दमट असेल, म्हटलं.

डॉक्टरीणबाई स्क्रॅपबुक न्यायला आल्या तेव्हा त्यांनी मुलांच्या चेहऱ्यांवरून नाही, त्या सांध्यावरून बोट फिरवलं. प्रत्येक पानावर. मग रडल्या. काम आवडलं की बायका रडतात, मला त्याचं नवल नाही. खिडकीतून मी बघितलं तर खाली गाडीत त्यांचा मुलगा बसला होता. आई दिसताच त्याने काच खाली केली आणि जी बडबड सुरू केली, ती गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत चालूच होती.

त्यानंतर आम्ही तळ्याकाठी सुट्टीला गेलो. दोन खोल्यांचं लाकडी घर, समोर धक्का, भाड्याच्या होड्या. फोटो नवऱ्याने काढले. घरी येऊन मी ते छापून आणले आणि टेबलावर मांडले.

मास्तरीण आणि गुंड्याच्या मध्ये जागा होती.

मी आधी नवऱ्यावर तोंडसुख घेतलं. दोन पोरं नीट उभी करता येत नाहीत? तो म्हणाला, अगं, चिकटून उभी होती, मी स्वतः उभी केली होती. मग मला मास्तरणीचा हात दिसला. अंगापासून लांब, खांद्याच्या वर, तळवा खाली. तिला हाक मारून विचारलं, असा का गं हात धरलायस? मी म्हटलं, "तुम्ही दोघंच तर होतात ना धक्क्यावर?"

तिने मला दुरुस्त करायला तोंड उघडलं. आणि मग मिटून घेतलं. माझी मुलगी असं कधी करत नाही.

शाळा सुरू झाली. एका दुपारी मास्तरीण व्हॅनमधून उतरली आणि गुंड्या उतरलाच नाही. मी शाळेत धावले तर फाटकाशी एकटा उभा होता, दप्तर पाठीला, डोळे कोरडे. व्हॅनवाले काका मला हात जोडून सांगत होते, ताई, शपथेवर सांगतो, मी मोजूनच दार लावलं. तुमची दोन्ही मुलं चढली होती. काका साधा माणूस, थाप मारणारा नाही. मी गुंड्याचं बोट धरून त्याला घरी आणलं.

मग घरातही सुरू झालं. नवरा टेबलावर ताटं मांडायचा, चार मांडायचा, बरोबर मांडायचा. तरी गुंड्या उभाच. बस की रे, म्हटलं तर म्हणायचा, जागा नाहीये. मास्तरणीच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसत होती आणि तिच्यासमोर वाढलेलं ताट होतं. तो मुकाट्याने आत जायचा, स्वतःसाठी आणखी एक ताट आणायचा आणि माझ्या कात्र्या-कागदांच्या बाजूला कोपऱ्यात बसायचा. नवरा हसून म्हणायचा, नाटकं बघा याची. एकदा तो बाजारातून मुलांसाठी मोजे घेऊन आला. एक जोडी मास्तरणीच्या मापाची आणि दुसरी तिच्याहून मोठी. धाकट्याला हे कसे होतील, असं मी विचारलं तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, ओळखीचं नाव आठवत नसल्यासारखा.

गुंड्याची बडबड कमी होत गेली. तो घरी आला तरी मला कळेनासं झालं.

मी कापून बघितलं. तळ्याकाठचे सगळे फोटो कापले, जोडले. पुन्हा दोघांना दारात उभं करून फोटो काढला, माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांसमोर खांद्याला खांदा लावून. छापून आला तर मध्ये जागा, आणि गुंड्याचा कान चौकटीबाहेर. बिस्किटांचा डबा होता तसा कचऱ्याच्या गाडीत टाकला. काही फरक पडला नाही.

मग मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं आणि हातातलं आरशाचं हत्यार खाली ठेवलं. का आलात, असंही विचारलं नाही. आतल्या खोलीत नेऊन दार लावलं.

"धाकटाच ना?" त्या म्हणाल्या.

मी विचारलं, हे आहे काय? त्यांना माहीत नव्हतं. मैत्रिणीच्या मुलांची पानं त्यांनी हौसेने करून दिली होती, मधली जागा कापून, तेव्हापासून त्यांच्या घरी हे सुरू झालं. मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. त्यांनी स्वतः कापून बघितलं होतं, कितीतरी.

"आपल्या घरचं आपण कापून जात नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातानेच जातं."

"आणि दुसऱ्याच्या मुलाचं काय?"

त्यांनी मान खाली घातली. "माझ्या मुलाला शाळेत हजेरीला हाक मारायचं विसरायला लागले होते हो. एक दिवस मीसुद्धा विसरले. अख्खी दुपार."

मला त्यांच्या थोबाडीत मारायची होती. खरंच, हात शिवशिवत होते. पण बाहेर त्यांचा मुलगा स्वागताच्या टेबलाशी बसून कुणाला तरी शाळेतली गंमत सांगत होता, न थांबता, श्वास न घेता. मी तशीच घरी आले.

यंदाची पानं अजून करायची आहेत. फोटो खोक्यात भरून ठेवलेत. शेवटच्या फोटोत गुंड्याचा अर्धा चेहरा उरलाय. उरलेल्या डोळ्याने तो मधल्या जागेकडे बघतोय.

काल दुपारी मी एका मुलीला फोन लावला. नवीनच या धंद्यात पडलीय, काम छान करते, मी तिची पानं बघितलीत. मी इतकी वर्षं हेच काम करते, मग मला कशाला हवंय, असं तिने विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. उलट हरखून गेली.

"फोटो कापता ना तुम्ही?" मी विचारलं.

बिनधास्त कापते, म्हणाली.

"तुम्हाला मुलं?"

मुलगी आहे, पुढच्या वर्षी शाळेत जाईल, ती म्हणाली. आणि मग लाजून, हसत, दुसरंही येणार आहे, तीनच महिने राहिलेत.

नको म्हणावं, फोन ठेवून द्यावा, असं वाटलं. समोर टेबलावर ते खोकं होतं. मास्तरीण खुर्चीत गृहपाठ करत होती, एका हाताने. दुसरा हात बाजूला, उंच, हवेत टेकवलेला.

कधी आणून देऊ, मी विचारलं.

उद्याच आणा, ती म्हणाली. पानं किती लागतील याचा अंदाज यायला हवा, म्हणून तिने विचारलं, "तुमची मुलं किती?"

"दोन," मी म्हटलं. एका क्षणात. आईला का आठवावं लागतं?

मागे दारात कसलीशी चाहूल लागली. मी वळून बघितलं. गुंड्या उभा होता. पाठीला दप्तर, पायात चपला. कधी आला, किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक. त्याने हळूच विचारलं,

"आई, मला धरून?"

आणि मला मनातल्या मनात मोजावं लागलं.