जास्तीचा दगड

मला वाटलं होतं, डोंगर मेलेला असतो. शिकताना तसंच शिकवतात. कधीकाळी जमिनीच्या पोटात वितळलेला रस थिजला, त्याच्यावरची माती युगानुयुगे धुऊन गेली आणि गवताची काडीही न धरणारा हा उघडा कातळ वर उरला. दूरच्या विद्यापीठात असताना मी त्याचा फोटो पलंगाशेजारी चिकटवला होता. मैत्रिणी विचारायच्या, "हे काय, कुणाचं टक्कल?" मी चिडून सांगायचे, "आमच्या गावाचं पाणी याच्या पलीकडे अडलंय."

तीन नद्या पलीकडून सरळ डोंगराकडे येतात आणि पायथ्याला पोचायच्या आधीच अंग चोरून लांबचा वळसा घेतात. वळसा इतका लांब, की अलीकडच्या आमच्या गावाच्या वाट्याला ओलसुद्धा येत नाही. डोंगरातून बोगदा काढला की पाणी घराघरात. त्यासाठी आत दगड कसा आहे ते आधी तपासायला हवं. ते मी करणार होते. परत येताना विमानात मला झोप लागली नव्हती, इतकी घाई झाली होती.

आणि सापडलं काय? पत्र्याची एक शेड, खोकणारं ड्रिलिंग मशीन, आणि तिशीतच केस पिकलेला माझा दादा. मी शिकायला गेले तेव्हा तो या कामावर लागला होता, आता तोच इथला फोरमन. सगळे इतके दमलेले, की जेवतानासुद्धा कोणी बोलायचं नाही. अपवाद मशीन चालवणाऱ्याचा. त्याला सगळे भोंगा म्हणायचे.

"दुरून डोंगर साजरे, काय ताई?" पहिल्याच दिवशी तो ओरडला. "आता पोखरा, नि काढा उंदीर!"

काम मात्र मनासारखं चाललं होतं. मशीनच्या टोकाला पोकळ, गोल बिट असतो. तो दगडात कडं कापत खाली जातो आणि मधला दगड लांब कांडीसारखा नळीत अडकून वर येतो. त्या कांडीला आम्ही कोअर म्हणतो. ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने लाकडी पेट्यांत मांडायची, मापायची, तिच्यात भेगा किती ते पाहायचं. या डोंगराच्या कोअरमध्ये भेगच नव्हती. करडा, मधूनच गुलाबी दाण्यांचा, एकसंध दगड. इतका चांगला दगड मी कधी पाहिला नव्हता. मी ऑफिसच्या साहेबांना कळवलं होतं, की शेवटचं भोक झालं की लगेच होकार देते.

त्या शेवटच्या भोकाच्या दिवशी दुपारी मी पलीकडच्या उतारावरून खाली, तीनपैकी सगळ्यांत जवळच्या नदीवर पाण्याचा नमुना घ्यायला गेले. रोजच्यासारखंच काम, पण या वळणावर मी पहिल्यांदाच आले होते. काठावर जुन्या पात्रांचे गोट्यांचे पट्टे दिसत होते, एकाच्या पुढे एक. डोंगराला लागून असलेला पट्टा सगळ्यांत जुना, नंतरचा त्याहून लांब, त्यानंतरचा आणखी लांब. नदी जन्मभर मागे मागे सरत आली होती. पडणाऱ्या दगडांनी तिला रेटलं असणार, असं मी माझ्या मनाला सांगितलं आणि बाटली भरायला वाकले.

पाण्यात कोअर पडले होते. एकदोन नाहीत, ढीग. आमच्याच बिटाच्या जाडीचे, आमच्याच रंगाचे. काहींवर शेवाळ धरलं होतं.

माझं डोकंच फिरलं. भेगा असलेले तुकडे लपवून चांगले तेवढे पेटीत ठेवायचे, ही या धंद्यातली जुनी चोरी. आणि इथे फोरमन माझा सख्खा भाऊ. मी धापा टाकत वर चढले.

"किती खाल्लेस?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

दादा केसिंगवर, म्हणजे भोकाच्या तोंडाशी ठोकलेल्या लोखंडी पाइपवर, हात टेकून उभा होता. त्याने माझ्या हातातल्या ओल्या तुकड्याकडे पाहिलं. तो रागावला नाही. रागवायलाही माणसात थोडी ताकद लागते.

"पेट्या बघ," तो म्हणाला. "कुठे कमी आहे का?"

मी पाहिल्या. कुठेच कमी नव्हतं. जितकं भोक खोल, तितकीच पेटीत कांडी. वीतभराचाही फरक नाही.

"मग हे कुठलं?"

"हे जास्तीचं, चिमे."

मला काही कळेना.

"थांब, समोरच काढतो," दादा म्हणाला. "तूच माप."

मशीन पुन्हा सुरू झालं. बिटाला जोडलेल्या सगळ्या सळया वर येईपर्यंत ऊन कललं होतं. कोअर पन्हाळीत ओतला. मी फीत लावली. पुन्हा लावली. खाली जितकं कापलं होतं, त्यापेक्षा कांडी हातभर लांब होती.

"मागच्या खेपेचा तुकडा तळाशी राहिला असेल," मी म्हणाले. "असं होतं कधी कधी."

"मागची खेप तळापर्यंत साफ होती. तूच बघितलीस."

"मग फीत सैल..."

"ताई, तीन फिती बदलल्या," भोंगा हळूच म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दादा पन्हाळीशेजारी उकिडवा बसला. "पहिल्या वेळी खरं तेच लिहून पाठवलं होतं. ऑफिसातून कागद परत आला. भोकापेक्षा दगड लांब कसा, नीट मोजा. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, दारू पिऊन मोजता का? तेव्हापासून जास्तीचं तोडतो आणि नदीत टाकतो. माझ्या जागी कुठलाही फोरमन असता तरी त्याने हेच केलं असतं. माप जुळलं पाहिजे ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एवढ्या उड्या मारत आलीस..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "मशीन बंद करा रे. आता बघू दे तिला."

मशीन थांबलं आणि कान एकदम मोकळे झाले. भोकात आता सळई नव्हती, काही नव्हतं. दिवसभर तापलेला कातळ निवायला लागला, की त्याचे पापुद्रे कुठेकुठे तडकतात. तो आवाज मला ओळखीचा होता. पण त्याच्याखाली आणखी एक आवाज होता. जड कपाट कुणीतरी दमादमाने फरशीवरून सरकवावं, तसा. तो केसिंगच्या आतून येत होता.

वास आला. दगडावर दगड आपटल्यावर येतो, तसा जळका वास.

मग पाइपच्या तोंडातून कोअर वर आला. एकटाच. गोल, ओला, बिटाने कापल्यासारखा गुळगुळीत. तो इतका हळू येत होता, की नजर लावून पाहिलं तर स्थिर वाटे आणि पापणी मिटून उघडली तर थोडा उंच झालेला दिसे. माझ्या गुडघ्याइतका झाला आणि थांबला.

मी हात लावला. तो उन्हाने तापलेल्या दगडासारखा नव्हता. ताप भरलेल्या माणसाच्या कपाळासारखा होता.

दादाने सवयीने हातोडा उचलला, एका घावात तुकडा पाडला आणि खांद्यावर घेतला.

"रोज?" मी विचारलं.

"संध्याकाळी, तू शेडमध्ये नोंदी लिहीत बसतेस तेव्हा. प्रत्येक भोकातून."

"दादा... बोगद्यात आधी कोण जाणार?"

"मी. नाहीतर काय भोंगा? त्याचं तोंड बघून दगड उलटा पळेल."

मी मनगटाएवढ्या त्या भोकाकडे बघत होते. एवढ्याशा जागेतून रोज गुडघाभर. बोगदा म्हणजे माणूस उभा राहील एवढी पोकळी, आणि तिच्या चारी बाजूंना हाच दगड.

"तुला माहीत होतं, तरी तू जाणार होतास?"

"आई अजून टँकरमागे पळते गं," तो म्हणाला. "तिला कुठल्या तोंडाने सांगू, की दगड जास्ती निघतो म्हणून पाणी येणार नाही?"

त्याच संध्याकाळी आम्ही भोक सिमेंटने तळापासून तोंडापर्यंत भरलं, वर लोखंडी झाकण ठोकलं.

सकाळी मी आधी तिकडेच गेले. झाकण जागच्या जागी होतं, सिमेंटला केसाएवढीही चीर नव्हती. इतकं हलकं वाटलं, की मला हसूच आलं. साहेबांना काय सांगायचं, तेसुद्धा मनात जुळायला लागलं. बाजू आधी बांधून घेऊ, आतून लोखंडी कमानी देऊ, जगात यापेक्षा अवघड बोगदे झालेत.

मग चार पावलांवर मला कडं दिसलं.

कातळात कापलेलं, बारीक, नेमकं गोल कडं. आमच्या बिटाच्या मापाचं. दगड कापताना जो राखाडी चिखल निघतो, तो कडेने साचला होता. पण तो मधल्या दगडावर नव्हता, सगळा बाहेरच्या बाजूला लोटलेला होता. जणू कापणारा खालून वर आला होता.

"इथे आपण मशीन लावलं होतं?" मी विचारलं.

दादाने मान हलवली. नाही.

थोडं खाली आणखी एक होतं. त्याच्याखाली आणखी एक. आम्ही दोघं उतारावरून एकेक बघत चाललो. कडी एका रांगेत होती. वाट चुकल्यासारखं एकही नव्हतं. रांग शेडच्या दारात आली.

शेडला फरशी नाही, कातळ हीच जमीन. दादाने आपली खाट एका हाताने बाजूला ओढली. जिथे त्याचं डोकं येतं, बरोबर त्याच्याखाली कडं होतं. चिखल अजून ओला होता.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"काय मॅडम, झालं ना शेवटचं भोक? दगड एक नंबर आहे म्हणत होतात. होकार लिहू?"

मी दादाकडे पाहिलं. तो कड्यापाशी वाकला होता, त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. इतकी वर्षं शिकून मी एकच गोष्ट मनापासून मानली होती, की दगड जसा आहे तसा लिहायचा. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, कळशी खाली ठेवून माझ्याकडे बघणारा.

"नाही, साहेब," मी म्हणाले. "शेवटच्या भोकात चिकणमाती लागली. मोठा पट्टा आहे. बोगदा उभा राहणार नाही."

"आत्ता? शेवटच्या भोकात? नमुना आहे?"

"आहे. पेटीत भरून पाठवते." नदीकाठी चिकणमाती हवी तेवढी मिळते.

साहेब बराच वेळ बोलत राहिले. वाया गेलेल्या खर्चाबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल, गावाला काय तोंड दाखवणार याबद्दल. मी हो हो म्हणत होते. दादा सामान आवरायला लागला होता. मी त्याच्या खाटेवर बसले होते, आणि फोन संपेपर्यंत मी पाय खाली जमिनीला लावले नाहीत.