भिंतीवरची चौदा रानमांजरं

"मला भीती वाटतेय," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या अगदी काठावर टेकल्या. "कागदावर ठिपक्यांची चौदा रानमांजरं आहेत. मी चाळीस दिवस रान पालथं घातलं. दिसली तीन."

वहिनींचा धंदा गुप्तहेरीचा. शेजारी बसलेले भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त कारकून आणि बिनपगारी मदतनीस. भीती या विषयात त्यांचा स्वतःचा अभ्यास दांडगा होता.

"आकडा खोटा असला तर काय बिघडतं?" वहिनींनी विचारलं.

"बाराच्या खाली गेला की रानातला रस्ता त्याच दिवशी बंद. कुणाची सही लागत नाही, नियमच आहे. आज तीन वाजता आकडा पक्का होईल. पुढची मोजणी तीन वर्षांनी. पिल्लं गाड्यांखाली जातायत, बाई. तीन वर्षांनी मोजायला काही उरणार नाही."

मोजणीच्या कचेरीत भिंतीवर चौदा फोटो ओळीने लावले होते. भाऊजी दुरूनच निरखत राहिले. मांजरं कागदी होती, तरी.

"सात खिडकीकडे तोंड करून, सात दाराकडे," ते म्हणाले. "लग्नात रुसलेल्या दोन पार्ट्या जशा. आणि ही दोघं बघा, कान एकाच जागी फाटलेत. एकमेकांशीच जुंपली असणार."

"त्या दोघांची तोंडं कुठे?"

"एकाचं खिडकीकडे, एकाचं दाराकडे. बोलत नसतील."

वहिनी हसल्या नाहीत. त्या दोन्ही फोटो जवळून पाहू लागल्या.

रानात कॅमेरे लावणारा माणूस आला तोच घाम पुसत. "पूर्वी पायवाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे असायचे. गेल्या वर्षी लेखी हुकूम आला, जागेवर एकच ठेवा. माझी नोकरी जाणार का?"

"नोंदीचा फॉर्म कधी पाहिलाय?"

"नाही हो. मी फोटो देतो नि सटकतो."

नोंदी करणाऱ्या बाई आवाज खाली ठेवून बोलल्या. "मी ठिपक्यांवरून ओळखते. ठिपके जुळले नाहीत तर नवं मांजर. पूर्वी फॉर्मात 'बाजू' असा रकाना होता. गेल्या वर्षी नवा फॉर्म आला, त्यात नाही. आधीच्या फोटोंचा जुना अल्बमही साहेबांनी कपाटात ठेवला. म्हणाले, नव्यानं सुरुवात करू."

"रानात कॅमेरे कमी केले, हे ठाऊक होतं?"

"मला? मी रानात पाऊल टाकलेलं नाही. सापांची भीती वाटते."

भाऊजींना त्या एकदम आपल्या वाटल्या.

साहेबांची खोली थंडगार होती. "मांजरं वेगळी कशी ओळखतात, साहेब?" वहिनींनी एवढंच विचारलं.

"ते बाई जाणोत. डावी कूस काय, उजवी कूस काय, मला सगळं सारखंच. मी प्रशासनाचा माणूस."

वहिनींनी जुना अल्बम मागितला. साहेबांनी कपाटाची किल्ली बराच वेळ शोधली. ती त्यांच्याच मुठीत होती.

अडीच वाजता वहिनींनी सगळ्यांना भिंतीसमोर उभं केलं.

"भाऊजी, तुमच्या डाव्या गालावर तीळ आहे. डावीकडून फोटो काढला तर दिसेल, उजवीकडून काढला तर नाही. मग तुम्ही किती जण?"

भाऊजींनी विचार केला. "घरी विचारून सांगतो."

"मांजराच्या दोन कुशींवरचे ठिपके वेगवेगळे असतात. दोन कॅमेऱ्यांत दोन्ही कुशी एकदमच टिपल्या जायच्या. एकच कॅमेरा उरला, की आज डावी कूस, उद्या दुसरीकडे उजवी. ठिपके जुळत नाहीत, म्हणून एका मांजराची दोन झाली. फाटका कान मात्र दोन्हीकडून दिसतो. जुन्या अल्बमात दोन्ही कुशींच्या जोड्या आहेत. नोंदीच्या बाईंनी आत्ताच लावून पाहिल्या."

"सात," बाई पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"नुसते कॅमेरे काढले असते, तर 'बाजू'च्या रकान्यानं घोटाळा उघड केला असता. नुसता रकाना काढला असता, तर कॅमेऱ्यांच्या जोडीनं. दोन्ही मिळूनच हे जमतं. कॅमेरेवाल्याला फॉर्म ठाऊक नाही, बाईंना रान ठाऊक नाही. दोन्ही कागद एकाच टेबलावरून जातात. आणि साहेब, कुशीचं मी तुम्हाला काही विचारलंच नव्हतं."

साहेब हळूच खाली बसले. "आकडा बाराच्या वर असला की कुणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "खाली गेला की पहिला प्रश्न, तेव्हा खुर्चीवर कोण होतं? मला निवृत्तीपर्यंत दोन वर्षंच काढायची होती हो. भीती वाटली."

"वेळेवर घाबरता यावं म्हणूनच तो आकडा ठेवलाय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही एकट्यानंच घाबरून घेतलंत."

तीनला दहा मिनिटं कमी असताना बाईंनी चौदा खोडून सात लिहिले. डॉक्टरीणबाईंनी रानाच्या रस्त्यावरच्या नाक्यावर फोन लावला. फाटक बंद करायला कुणाची सही लागली नाही.

"सातांत माद्या किती?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी अल्बम चाळला. "दोन."

त्यांनी अल्बम मिटला. मग डॉक्टरीणबाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"पुरतील?" भाऊजींनी दबकत विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या आणि रानाकडे निघाल्या.