दुसरी फेरी

त्या दुकानात फक्त झाकणं मिळत होती. पातेली नाहीत, डबे नाहीत, बरण्या नाहीत — नुसती झाकणं! पितळेची, पत्र्याची, काचेची, मूठ असलेली, मूठ गमावलेली... भिंतीवर खिळ्यांना टांगलेली आणि जमिनीवर रचून ठेवलेली. भर माळरानावर, आजूबाजूला एक घर नाही, आणि तिथे हे असलं दुकान. मी खुशीत वही काढली, सगळं नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागे सरले, आणि खालून आवाज आला, "अहो, तो माझा हात आहे."

मी किंचाळलेच. काउंटरखालून आधी एक स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आला, मग तेलाने माखलेली बोटं आणि शेवटी डोक्यात पसाभर धूळ घेतलेला एक माणूस.

"लागलं का?" मी विचारलं.

"हातालाच विचारून सांगतो." त्याने बोटं हलवून पाहिली. "नाही म्हणतोय. पण पुन्हा पाय द्यायचा असेल तर आधी कळवा."

"हा काटेवाला," दुकानाचे मालक आजोबा कौतुकाने म्हणाले. "मी झाकणं वजनावर विकतो ना. काटा बिघडला की माझी चूल बंद. ह्या रस्त्यावरच्या सगळ्यांचे काटे हाच दुरुस्त करतो. माणूस गुणी आहे, फक्त बोलतो फार."

"आणि ह्या कोण?" काटेवाल्याने माझ्या वहीकडे पाहत विचारलं.

"मी... गिऱ्हाईक," मी म्हटलं. पुरावा म्हणून एक पितळी झाकण विकतही घेतलं.

खरं काय ते तुम्हाला सांगते, त्याला सांगायची सोय नव्हती. रस्त्याकडेची जगावेगळी दुकानं आणि खानावळी यांचं एक पुस्तक दर तीन वर्षांनी निघतं. लोक ते गाडीत ठेवतात आणि त्यात वाचून कुठे थांबायचं ते ठरवतात. त्या पुस्तकासाठी गावोगाव हिंडणं ही माझी नोकरी. आमच्या संपादकबाईंचे नियम दोनच. पहिला, आपण कोण ते सांगायचं नाही, नाहीतर ताटात नेहमीपेक्षा चार घास जास्त पडतात. दुसरा, एखाद्या जागेपुढे 'बंद' असं लिहायचं असेल तर तिथे दोनदा जायचं. "कोणी आजारी असेल, कुणाकडे लग्न असेल, नाहीतर नुसता कंटाळा आला असेल," त्या म्हणायच्या. "एका फेरीत काय कळतंय?"

मी बाहेर आले तर ऑफिसच्या गाडीने मान टाकलेली. किल्ली फिरवली की ती खोकायची आणि गप्प व्हायची. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता.

"ह्याच्या गाडीतून जा की," आजोबा म्हणाले. "हा संध्याकाळपर्यंत घाटाखालच्या एसटी थांब्यापर्यंत पोचतो."

अशी मी काटेवाल्याच्या टेम्पोत बसले. पायाशी वजनांच्या पेट्या, मांडीवर झाकण आणि माझ्या बाजूची खिडकी अर्धी उघडी — ती कधीच पूर्ण लागत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"वहीवाली बाई," तो गाडी सुरू करत म्हणाला, "तुम्ही शाळा तपासता."

"नाही."

"कर वसूल करता?"

"तसं वाटतं माझ्याकडे बघून?"

"भीती वाटते, म्हणून विचारलं." आणि तो असा हसला की मी पटकन बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, विजेचे खांब तेवढे होते.

पहिला थांबा एका जुन्या बसमध्ये थाटलेल्या खानावळीत. मालक म्हणजे निवृत्त कंडक्टर, अजूनही खाकी शर्टात. आत शिरताच त्यांनी तिकीट फाडून हातात दिलं — अंडं-पाव, एक. घंटीची दोरी एकदा ओढली की वाढायचे, दोनदा ओढली की उठायची परवानगी. काटेवाला स्वयंपाकाच्या बाजूला बसून काटा खोलत होता. पण तो काट्यात कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. मी तरी काय, वहीत एकच ओळ तीनदा लिहिली. निघताना मी दोरी ओढायला हात वर केला, आणि त्यानेही त्याच वेळी दोरीला हात घातला. बोटांना बोटं लागली. घंटी वाजायची राहूनच गेली.

"उठायचं नाही वाटतं पाहुण्यांना!" कंडक्टरकाका ओरडले. माझे कान तापले.

पुढे घड्याळांचं दुकान लागलं. शंभर घड्याळं आणि शंभर वेळा. "एकही बरोबर कसं नाही?" मी विचारलं, तर दुकानातल्या काकू वैतागून म्हणाल्या, "बरोबर चालणारी विकली गेली ना! ही उरलेली." आम्ही दोघं बाहेर येऊन इतकं हसलो की शेवटी मला त्याच्या दंडाला धरून उभं राहावं लागलं. हसू थांबलं. हात मात्र लगेच काढावासा वाटला नाही... मी काढला, पण उशिरा.

दुपारी आभाळ दाटून आलं आणि अर्ध्या खिडकीतून पाण्याचे शिंतोडे आत यायला लागले.

"झाकण लाव, भिजशील!" तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. "म्हणजे... भिजाल."

मी पितळी झाकण खिडकीच्या फटीवर धरलं. त्यावर थेंब टणटण वाजू लागले.

"भिजशीलच बरं होतं," मी म्हटलं.

तो रस्त्याकडेच बघत होता, पण गालात हसत होता. फार बोलणारा माणूस असा गप्प झाला की किती छान वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला तो आवडला होता. सकाळी ज्याच्या हातावर पाय दिला, तो दुपारपर्यंत मनात येऊन बसला होता. सरळ सांगायचं तर असं.

"आता शेवटचं गिऱ्हाईक," घाट उतरताना तो म्हणाला. "माझी मावशी. आईमागे तिनेच वाढवलं मला. वळणावर तिची खानावळ आहे. उकडलेले बटाटे, लोणी, गरम सूप, बस्स. लोक त्यासाठी वाट वाकडी करून यायचे."

"यायचे?"

"ते रस्त्याचं पुस्तक निघतं ना, त्यात कुणा शहाण्याने लिहिलं — खानावळ बंद झाली. चांगली चालू असताना! लोक थांबेनासे झाले. आम्ही दोन पत्रं टाकली, कुठे गेली देव जाणे. तीन वर्षं तिने कळ काढली. आता महिनाअखेरीस सगळं आवरून माझ्याकडे राहायला येणार म्हणते. चूल सोडून ती जगेल का, सांग मला." त्याने गिअर जोरात टाकला. "तो लिहिणारा एकदा भेटू दे मला."

माझ्या हातातलं झाकण खाली आलं. पाणी तोंडावर उडालं तरी मला कळलं नाही.

वळण. चिंचोळा पूल. निळं दार... मला सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी नोकरी नवी होती, ती यादीतली शेवटची जागा होती आणि मला घरी जायची घाई होती. मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही. दारावर 'बंद' अशी पाटी दिसली आणि खिडकीतूनच लिहून टाकलं. दुसरी फेरी कोण मारतंय? तो शहाणा म्हणजे मी होते.

निळ्या दारावर आजही तीच पाटी होती. बंद.

"ही पाटी...?" मी विचारलं.

"ती असतेच. ढकल दार."

आत ऊब होती, लोण्याचा वास होता आणि चुलीपाशी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. "आलास? आणि ही कोण? ओली झालीये पोर! बस, आधी सूप घे." तिने पदराने माझं कपाळ पुसलं. मला कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मावशी, बाहेर 'बंद' का लावलंय?" मी विचारलं.

"अगं, मी एकटी. सूप लागायच्या बेताला आलं की चुलीपासून हलता येत नाही. तेवढ्यापुरती पाटी लावते, मग काढायची विसरते. नेहमीच्यांना ठाऊक आहे, ते दार ढकलून आत येतात."

मी सुपाची वाटी हातात घेऊन बसले. गप्प राहता आलं असतं. नव्या आवृत्तीत गुपचूप 'चालू' लिहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि समोर बसून बटाटे सोलणारा हा माणूस माझ्याकडे असाच बघत राहिला असता. पण पुस्तक यायला अजून चार महिने होते आणि मावशीची चूल महिनाअखेरीस विझणार होती. तिला थांबवायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं.

"मावशी, खानावळ बंद करू नका," मी म्हटलं. "चार महिने कळ काढा. नव्या पुस्तकात बरोबर छापून येईल. मला माहीत आहे, कारण... कारण ते पुस्तक मी लिहिते. मागच्या वेळचं 'बंद'सुद्धा मीच लिहिलं. आत न येता. गाडीत बसून."

काटेवाल्याच्या हातातली सुरी थांबली.

"आत डोकावायचं तरी, पोरी," मावशी एवढंच म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला रडू फुटलं.

तो उठला. "तुमचं सामान गाडीतून काढून ठेवतो," तो म्हणाला. "तुमची एसटी पाच वाजता आहे."

तुमचं. तुमची. दुपारभरात मिळालेलं सगळं त्या दोन शब्दांत परत गेलं. माझी पिशवी त्याने बाकावर ठेवली, मावशीचा काटा न बघताच टेम्पो सुरू केला आणि मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"तो चटकन चिडत नाही," मावशी माझ्या शेजारी बसत म्हणाली. "आणि चिडला की चटकन निवळतही नाही. पण तू बोललीस ते बरं केलंस. चार महिने ना? बघते मी." मग तिने माझी वाटी पुन्हा भरली.

घरी येऊन पिशवी उपसली. वही होती, छत्री होती. झाकण मात्र नव्हतं. टेम्पोत राहिलं असणार.

संपादकबाईंना मी सगळं सांगितलं. त्या खूप बोलल्या, आणि ते सगळं खरं होतं. शेवटी म्हणाल्या, "मग? त्या मुलाचं काय?"

"त्याने दार लावून घेतलं. संपलं ते."

"किती फेऱ्या झाल्या तुझ्या?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

गुरुवारी सकाळी मी पहिली एसटी पकडली. घाटाखालच्या गावात त्याचं वर्कशॉप शोधायला वेळ लागला नाही, काटेवाला म्हटल्यावर सगळ्यांनी बोट दाखवलं. शटर अर्ध्यावर होतं. मी वाकून आत पाहिलं. टेबलावर सुटे केलेले तराजू, स्प्रिंगा, वजनं, आणि मधोमध तो.

"आज काम बंद आहे," तो मान वर न करता म्हणाला.

"बरं." मी तिथेच उभी राहिले. "पण आमच्याकडे नियम आहे. दोनदा गेल्याशिवाय 'बंद' लिहायचं नाही. एकदा तो मोडला आणि मावशीची तीन वर्षं वाया घालवली. पुन्हा नाही मोडणार. ही माझी दुसरी फेरी आहे." मी वही काढली. "तू मला आवडतोस. फार आवडतोस. आता तूच सांग काय लिहू... मी तसंच लिहीन."

त्याने मान वर केली. दोन्ही डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यालाही झोप नव्हती तर!

"मावशीने काल काय केलं माहितीये?" तो हळूच म्हणाला. "चार महिन्यांचे बटाटे भरून घेतले. मला म्हणते, त्या पोरीने न सांगता नीट लिहिलं असतं तर तुला ती गोडच राहिली असती. माझ्यासाठी तोंड उघडून तिने तुला गमावलं, आणि तू इथे रुसून बसलायस."

कोपऱ्यात स्टोव्हवर चहा उकळत होता, आणि त्या पातेल्यावर... पातेल्याहून चांगलं दोन बोटं मोठं, एका बाजूला कललेलं, माझं पितळी झाकण.

"माझं झाकण," मी म्हटलं. "टेम्पोत राहिलं होतं ना?"

"राहिलं नव्हतं." तो उठला, आणि दोन्ही हातांनी शटर पार वरपर्यंत ढकललं. अख्खं वर्कशॉप उजेडाने भरलं. "मी ठेवून घेतलं होतं. तेवढ्यासाठी तरी येशील म्हणून."

मग त्याने टेबलापुढची खुर्ची रिकामी केली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाला, "आत ये. चहा झालाय."