कप्पीवरचा देव्हारा

तात्सुएच्या गावात नवी सून आली की सासू तिला आधी दोर ओढायला शिकवायची. गाव दोन नद्यांच्या मधोमध, चहूबाजूंनी बांध. बांध फुटला की पाणी थेट घरात. म्हणून पूर्वजांचा देव्हारा कप्पीच्या दोराला बांधून ठेवायचा. पूर आला की आधी पूर्वज माडीवर, मग माणसं. शहात्तर सालच्या पुरात तात्सुएच्या नवऱ्यानं, यासुजीनं, तो एकट्यानं वर ओढला होता. हाताची सालटी निघाली होती, तरी गडी माडीवर बसून मिसोत, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्यात, शिजवलेला मासा मिटक्या मारत खात होता. पाणी ओसरेपर्यंत माडीवर, भांड्यांत भरून ठेवलेल्या पाण्यावर काढलेले ते तीन दिवस तात्सुएला अजून सणासारखे आठवतात. यासुजीला जाऊन चार वर्षं झाली. त्याच देव्हाऱ्यात आता त्याच्याही नावाची पाटी होती.

पालिकेनं टेकडीवर नवी वसाहत बांधली होती. सहाव्या मजल्यावरचं एक घर तात्सुएसाठी राखलेलं. होकाराचा कागद आज चारपर्यंत पोचला नाही तर ते दुसऱ्याला जाणार होतं. लेक चिझुरू त्यासाठीच नागोयाहून आली होती.

“आई, कर ना सही. पूर आला तर तुला कोण वर काढणार?”

“आजवर ज्यांनी काढलं, तेच.”

“बाबा? विचारलंयस वाटतं त्यांना!”

“तुझ्यापेक्षा बरं ऐकतात ते माझं.”

दोघी हसल्या. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, ओसरीवर पर्सिमनची केशरी फळं वाळत टांगली होती. तेवढ्यात कप्पी कुरकुरली.

देव्हारा चौरंगापासून वीतभर वर लोंबत होता.

“दोर आखडला असेल दमट हवेनं,” चिझुरू म्हणाली. हवा ठणठणीत कोरडी होती. तिनं देव्हारा खाली घेतला, दोराला दुहेरी गाठ मारली आणि चहा करायला गेली.

ती कप घेऊन आली तेव्हा तो हातभर वर गेला होता. धूपदाणीतली राख कणभरही सांडली नव्हती. यासुजी असाच ओढायचा, सावकाश, दम घेत घेत.

चिझुरूनं दोराला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“ओला आहे. आणि… कोमट.”

तात्सुएचे डोळे भरून आले. जन्मभर ज्यानं कशाची घाई केली नाही, तो आज घाई करत होता.

“निघ म्हणतायत गं,” ती म्हणाली आणि तिनं सही केली.

नोव्हेंबरात ती टेकडीवर राहायला गेली. घर उबदार होतं, शेजार चांगला होता. तरी सकाळी जाग आली की ओल्या मातीचा वास येत नाही म्हणून तिला रडू यायचं. देव्हारा तिनं भिंतीलगतच्या बुटक्या कपाटावर ठेवला. दोर आणि कप्पी जुन्या घरीच राहिली. इथं त्यांचं काय काम?

फेब्रुवारीतल्या एका लख्ख दुपारी ती बाजारातून परतली. कपाटावर काही नव्हतं.

देव्हारा छताला टेकला होता. आधाराला काहीच नव्हतं.

शहात्तर सालीसुद्धा यासुजीनं तो इतका वर नेला नव्हता.

तात्सुए खिडकीशी गेली. खाली टेकडी, पलीकडे मैलोन् मैल सपाट मैदान, सगळं कोरडं. शेजारीण सज्जात गादी झटकत होती.

“आजी, ऊन काय छान पडलंय!”

“हो गं,” तात्सुए म्हणाली. मग तिनं नळ सोडला आणि घरातलं होतं नव्हतं ते प्रत्येक भांडं पिण्याच्या पाण्यानं भरायला घेतलं.