विकली गेलेली गादी

"गादी दाखवा. आणि एक जरी सल्ला दिलात, तर उशी डोक्यात घालीन," दुकानात शिरल्या शिरल्या मी सेल्समनला बजावलं.

सल्ल्यांनी माझं डोकं उठलं होतं. सहा वर्षं कंबर, मान, मनगटं दुखताहेत. दिवस कसाबसा ढकलते, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका सुरू. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल! आत्या म्हणते, गरम दूध पी. वहिनी म्हणते, मोबाइल लांब ठेव. डॉक्टर म्हणतात, विचार कमी करा. अहो, विचार कोण करतंय? मी रात्रभर कूस बदलतेय!

तो उंच, किडकिडीत, शर्टाला कापूस चिकटलेला. त्याने एवढंच विचारलं, "कुठे दुखतं?"

हे मला कुणी विचारतच नसे. मी उगाच चिडले. "सहा वर्षं झाली. कुठे दुखत नाही ते विचारा!"

"बरं... कुठे दुखत नाही?"

"डावा कान."

तो हसला नाही, फक्त ओठ दाबले. कोपऱ्यातल्या गादीवर त्याने मला आडवं व्हायला सांगितलं, गुडघ्यांखाली उशी सरकवली. "पडून बघा. घाई नाही."

डोळे उघडले तेव्हा घड्याळ दीड तास पुढे गेलं होतं. मला कुणी उठवू नये म्हणून त्याने गादीला 'विकली गेली'ची पाटी लटकवली होती. शेजारी स्टुलावर बसून तो एका गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून गप्प करत होता. काउंटरवरून मालक डोळे वटारत होते.

"उठवलं का नाही?" मी भडकले. शरमेने कान तापले होते, डावासुद्धा.

"तुमचा राग बघितलाय मी... हिंमत झाली नाही."

मी तीच गादी घेतली. आणि चौथ्या दिवशी तणतणत परत आले. "परत घ्या ती! तीन रात्री टक्क जागी आहे मी."

"उशी ठेवली होती गुडघ्यांखाली?"

"ठेवली होती!"

"गादी तीच, उशी तीच... मग त्या दिवशी इथे वेगळं काय होतं?"

"तू होतास!"

रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून. मालकांचं कॅल्क्युलेटरवरचं बोट थांबलं. आता माघार कसली घ्यायची? "दुखत तेव्हाही होतंच," मी म्हणाले. "पण माझं दुखणं खरं मानून कुणीतरी शेजारी बसलं होतं. घरी मी एकटीच जागी असते... कंटाळलेय मी त्या एकटेपणाला!"

तो लालेलाल झाला. मग वाकून त्याने ते स्टूल उचललं.

"वापरलेली गादी परत घेत नाही आम्ही," तो हळूच म्हणाला. "स्टूल मात्र घरपोच मिळेल... माणसासकट. संध्याकाळी आणू?"

"आत्या आहे घरी. बळेच गरम दूध पाजेल." मी अजून रागातच होते.

"दूध मी पिईन," तो म्हणाला. "तू झोप."